गावित सिस्टर नाव विचारायच्या

गावित सिस्टरांची मला भीती वाटायला लागली ती त्यांच्या एका प्रश्नामुळे. माझी मुलगी तेव्हा तीन दिवसांची होती. सातव्या महिन्यात झालेली, वजन एक किलो शंभर ग्रॅम, काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी. मला चाकाच्या खुर्चीतून पहिल्यांदाच तिला बघायला आणलं होतं. पण माझी नजर तिच्यावर ठरत नव्हती. पेटीच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचत होते : वैशाली यांचे बाळ, स्त्री. पेटीच्या पलीकडे एक बुटक्या बाई हातावर हात चोळत उभ्या होत्या. टाके दुखतात का, जेवलीस का, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"नाव काय हिचं?"

मी म्हटलं, अजून ठेवलेलं नाही.

"मग मी हाक काय मारू?"

मी मान खाली घातली आणि नितीनला, माझ्या नवऱ्याला, खुर्ची मागे घ्यायला सांगितली. दारातून बाहेर पडेपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.

त्याला कारण होतं. त्याच्या दोन वर्षं आधी मी पहिल्यांदा गरोदर राहिले तेव्हा पाचव्याच महिन्यात आम्ही नाव ठरवून टाकलं होतं. मुलगी झाली तर ईशानी. नितीन कंपनीतून आला की बूट काढायच्या आधी पोटाशी तोंड नेऊन त्या नावानं गप्पा मारायचा. सहाव्या महिन्यात ते बाळ गेलं. ती मुलगीच होती. माझ्या सासूबाई स्वभावानं वाईट नाहीत, पण त्या म्हणाल्या की जन्माआधी नाव घेऊन घेऊन तुम्हीच तिला दृष्ट लावलीत. मी शिकलेली बाई, म्हसरूळच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला विज्ञान शिकवणारी. मी त्यांच्याशी वाद घातला आणि मनातून त्यांचं म्हणणं मान्य करून बसले. या खेपेला घरात नावाचा विषय कुणी काढला नाही. मोबाईलवर मुलींच्या नावांची यादी आपोआप समोर आली तरी मी ती बोटानं वर सरकवून टाकायचे, नजर पडण्याआधी.

आणि ही बाई तिसऱ्याच दिवशी नाव मागत होती.

चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर होता तो. दवाखान्याचं नाव सांगत नाही, नाशिकमध्ये तसे बरेच आहेत. आम्ही चाळीस दिवस तिथे होतो. लहान बाळांच्या त्या विभागाला लागून आयांसाठी एक लांबट खोली होती. दर दोन तासांनी दूध काढायचं, वाटीत भरून आत द्यायचं, मग खाटेवर बसून राहायचं. बाहेर कडाक्याची थंडी, आत मात्र पेट्यांमुळे गरम. त्या चाळीस दिवसांत मी माझ्या मुलीच्या खालोखाल कुणाकडे टक लावून पाहिलं असेल तर ते गावित सिस्टरांकडे.

त्या पेठ तालुक्यातल्या. डोंगरातल्या एका पाड्यावर नागली, म्हणजे नाचणी, आणि भात पिकवणारं घर. तीस वर्षं त्या नाशकात नर्स होत्या, पण बोलण्यातला पाडा पुरता गेला नव्हता. डॉक्टरांशी बोलताना 'आहे', आणि खेड्यावरून आलेल्या आयांशी बोलताना 'हाय'. आम्हा सगळ्यांना त्या एकेरीत बोलवायच्या. एकदा कुणा वकीलबाईंना ते खटकलं, तर सिस्टरांनी शांतपणे सांगितलं की आईला अहो-जाहो करायची त्यांना सवय नाही. पेटीत हात घालण्याआधी त्या हात कोपरापर्यंत धुवायच्या आणि मग तळवे इतका वेळ एकमेकांवर चोळायच्या की नव्या नर्स मुली वैतागायच्या. गार हात लागला की बाळ दचकतं, आणि दचकण्यात त्याची ताकद जाते, असं त्यांचं म्हणणं.

पेटीतल्या मुलींना त्या रोज बाहेरची खबर द्यायच्या. आज धुकं आहे, पंचवटीत शेकोट्या पेटल्यात, मेथी स्वस्त झालीय, माझी पेठची बस आज पुन्हा उशिरा आली. हे सगळं अगदी गंभीरपणे, समोरच्याला माहिती असायला हवी म्हणून सांगतात तसं.

'घाबरू नका' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. मी पहिल्या आठवड्यात एकदा रडत त्यांना म्हटलं की मला फार भीती वाटते. त्या म्हणाल्या, "घाबर. पण दूध काढायची वेळ चुकवू नकोस." आणि 'माझी मुलगी कशी आहे' असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : आज बरी आहे. त्यातला 'आज' मला रोज टोचायचा.

नाव त्या सगळ्यांनाच विचारत, पण मुलींच्या बाबतीत जास्त हट्टानं. त्यांचा अनुभव असा होता की मुलगा पेटीत आला की दुसऱ्या दिवशी घरच्यांचं नाव ठरलेलं असतं. मुलगी आली की सगळे म्हणतात, आधी जगू दे. त्या नर्सांच्या खोलीत जाऊन पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापायच्या, त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहायच्या आणि 'अमुक यांचे बाळ'च्या वर चिकटवायच्या.

त्यांची स्वतःची गोष्ट त्यांनी एकदा सहज सांगितली होती, दूध मोजता मोजता. घरात त्या पाचवी मुलगी. सगळे त्यांना बारकी म्हणायचे. आश्रमशाळेत घालायला बाप घेऊन गेला तेव्हा गुरुजींनी नाव विचारलं आणि बाप गप्प उभा राहिला. गुरुजींनी वहीत बघून कमल लिहून टाकलं. वर्गात आधीच दोन कमल होत्या. हाक मारली की तिघी उठायच्या, आणि बहुतेक वेळा काम दुसऱ्याच कमलकडे असायचं. हे सांगताना त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले.

इगतपुरीचा एक रेल्वेतला माणूस होता, रुळांवर काम करणारा. त्याची बायको प्रसूतीनंतर अतिदक्षता विभागात होती आणि मुलगी इथे. दोन मजल्यांमध्ये तो दिवसभर जिन्यावरून वर-खाली करायचा. सिस्टरांनी त्याला नाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, बायको शुद्धीवर आली की ती ठरवेल. सिस्टर म्हणाल्या की तोवर हिनं कुणाच्या हाकेला हलायचं? दुसऱ्या दिवशी तो माणूस तीन नावं कागदावर लिहून आला आणि पेटीशी वाकून एकेक वाचू लागला. इतका लाजत होता की शेवटचं नाव आम्हाला ऐकूही आलं नाही. सिस्टरांना आलं असावं, कारण त्यांनी पल्लवी लिहिलं. पुढे बायकोही सावरली आणि पल्लवीही घरी गेली. ते नाव लिहिलं त्या दिवशी सिस्टरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी भिंतीकडे तोंड करून दूध काढत बसले.

माझ्या शेजारच्या खाटेवर मनीषा होती. सटाण्याजवळच्या एका गावाची, वीस-एकवीस वर्षांची. पहिली मुलगी घरी, ही दुसरी. तिचं बाळ माझ्या मुलीपेक्षा चारशे ग्रॅमनं जास्त, रंग चांगला, आवाज खणखणीत. मला तिचा हेवा वाटायचा. मनीषाची सासू तिच्यासोबत राहायला आली होती. दिवसभर व्हरांड्यात चादर पांघरून बसायची आणि कुणी आतून आलं की विचारायची, "पोर बरी शे ना?"

सिस्टरांनी विचारलं तेव्हा मनीषानं आधी दाराकडे बघितलं. सासू बाहेरच होती. त्यांच्याकडे बारशाला आत्यानं नाव ठेवायचं असतं, आईनं ठेवत नाहीत. मनीषानं सिस्टरांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात नाव सांगितलं. सिस्टरांनी पट्टीवर लिहिलं : तेजल. मनीषा तिथे उभी राहून ते नाव वाचत राहिली. मला म्हणाली, "ताई, पहिलीचं नाव पण मला ठेवू दिलं नव्हतं."

सासूला कळलंच. तिनं आरडाओरडा केला नाही. बारसं झालं नाही, आत्या आली नाही, आणि दवाखान्यातल्या बाईनं नाव ठेवलं, हे बरं झालं नाही, एवढंच ती म्हणाली. पण तेजल दूध पचवत होती, वजन वाढत होतं. चार दिवसांनी सासूही काचेबाहेरून तेजल म्हणायला लागली.

तेजल नऊ दिवसांची होती त्या सकाळी तिनं दूध उलटलं. दुपारपर्यंत तिचा रंग राखेसारखा झाला. रक्तात जंतू पसरले होते. डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या लहान जिवात हे असं काही तासांत होतं आणि त्यात कुणाची चूक नसते. गावित सिस्टरांची ड्यूटी दोन वाजता संपली होती, त्या गेल्या नाहीत. साडेचारला तेजल गेली.

मी माझ्या मुलीच्या पेटीपाशी बसून होते. मनीषा तेजलच्या पेटीच्या काचेवर तळहात ठेवून उभी होती. सासू आत आली. तिनं पेटीवरची पट्टी नखानं सोलून काढली, मुठीत धरली आणि गावित सिस्टरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तू नाव ठेवं, म्हनीसन गयी ती."

तू नाव ठेवलंस, म्हणून गेली. खोलीतल्या सगळ्यांना समजलं. सिस्टर काही तरी उत्तर देतील म्हणून मी वाट पाहत होते. जंतूंबद्दल सांगतील, डॉक्टरांना बोलावतील. त्या हात खाली सोडून उभ्या राहिल्या. म्हातारी गेली तरी तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून गावित सिस्टर नाव विचारेनाशा झाल्या.

काम तसंच, हात चोळणं तसंच. पण नवी मुलगी आली की त्या चिठ्ठीवरचं आईचं नाव वाचायच्या आणि तेवढ्यावर थांबायच्या. बाहेरची खबर देणंही बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पहिला दिवस वाटलंही. मग एक वेगळीच भीती मनात शिरली. त्यांनी माझ्या मुलीच्या नावाचा हट्ट सोडला, म्हणजे त्यांना काही दिसलंय का? तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना कळलंय का, की हिला नाव लागणार नाही? मी त्यांच्या डोळ्यांवर, हातांवर, चालण्यावर लक्ष ठेवायला लागले. त्या माझ्या मुलीच्या पेटीपाशी नेहमीपेक्षा जास्त थांबल्या तरी मला धस्स व्हायचं, कमी थांबल्या तरीही. जेवण जाईना. दूध कमी व्हायला लागलं.

तीन-चार दिवस असे काढल्यावर मी ठरवलं. नितीनलाही विचारलं नाही. नाव मला शोधावं लागलं नाही. इतके दिवस मी मनातल्या ज्या कोपऱ्याकडे बघत नव्हते, तिथे ते होतंच; ईशानी नव्हे, हिचं स्वतःचं. सकाळी सिस्टर नळीतून दूध सोडत होत्या तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, "सिस्टर, हिचं नाव सांगते."

"नको," त्या म्हणाल्या. "बारसं घरी जाऊन कर. आत्याला बोलव."

"तुम्हीच विचारत होतात ना?"

त्यांनी आधी नळीतलं दूध संपू दिलं. मग हळूच बोलल्या, माझ्याकडे न बघता. "मला जंतू काय असतात ते माहितीय. तीस वर्षं हेच बघतेय. पण म्हातारी खोटं बोलली, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाय. मला नको सांगू."

तोवर मला वाटायचं की या खोलीत घाबरलेली मी आहे आणि त्या नाहीत. त्या सकाळी कळलं की माझी भीती आता त्यांच्यात गेलीय, आणि ती काढायला माझ्याकडे काही नाही.

पण मी नाव घ्यायला सुरुवात केली. तोपर्यंत बाळाला छातीशी धरून बसायची परवानगी मिळाली होती. उघड्या अंगाशी बाळ बांधायचं, वरून शाल, आणि तासन्‌तास हलायचं नाही. मी तिला सई म्हणून हाक मारायचे. पहिल्या दिवशी जीभ जड झाली, प्रत्येक हाकेनंतर मी तिची पाठ बोटांनी चाचपून श्वास चालू आहे ना ते बघायचे. शाळेतल्या पोरांना ग्रहणाच्या समजुती कशा खोट्या ते समजावून सांगणारी मी, पोटच्या मुलीचं नाव घेतलं की वर छताकडे बघायचे, कुणी ऐकलं का म्हणून. गावित सिस्टर आसपास असल्या की मी जरा मोठ्यानं म्हणायचे. त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. "वैशालीच्या बाळाचं तापमान," असंच नव्या नर्सांना सांगायच्या.

तिसाव्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमारास, सई माझ्या छातीशी होती. मी तिला काही तरी सांगत होते आणि मला जाणवलं की मघापासून ती हललेली नाही. शाल बाजूला केली. ओठ निळसर. मी तिची पाठ हलवली, ती कापडासारखी सैल. मी नुसता हात वर केला.

गावित सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या कशा आल्या ते मला आठवत नाही. त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं, टेबलावर ठेवलं, मान सरळ केली, तळपायावर टिचक्या मारायला लागल्या, दुसऱ्या हातानं पाठ घासत. एकीला श्वास द्यायचा मास्क आणि फुगा आणायला सांगितलं. आणि मग मला त्यांचा आवाज ऐकू आला, पाड्यावरचा, लांबच्या माणसाला हाक मारावी तसा, पण दबका.

"सई. ए सई. चल, श्वास घे. सई."

किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. फुगा तोंडाशी आला तेवढ्यात तिच्या छातीनं एक झटका दिला, मग दुसरा, आणि ती रडली. मांजराच्या पिल्लासारखं, पण रडली. श्वास नावामुळे आला असं मी म्हणत नाही. तो त्यांच्या बोटांमुळे आला आणि त्यांचं लक्ष होतं म्हणून आला. डॉक्टरांनी औषध वाढवलं, पुढचे दोन दिवस ती पुन्हा पेटीत होती.

सिस्टर हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. मी उठून बघितलं तर नळ चालू होता आणि त्या बेसिनच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. खांदे हलत होते. मी तशीच मागे फिरले. संध्याकाळी सईच्या पेटीवर पट्टी चिकटवलेली दिसली. अक्षर त्यांचंच होतं, थोडं वाकडं.

चाळिसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. बारसं केलं. सासूबाईंनी पाळण्याला काळा दोरा बांधला आणि मी बांधू दिला. आत्यानं, माझ्या नणंदेनं, सईच्या कानात सईच सांगितलं. भीती मात्र घरी सोबत आली. पहिलं वर्ष मी दर तासाला उठून तिच्या नाकाखाली बोट धरत होते.

गावित सिस्टर मला त्यानंतर एकदाच दिसल्या. सईचे डोळे तपासायला आम्ही गेलो होतो, ती तेव्हा सहा महिन्यांची असेल. दवाखान्याच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई डबा खात होत्या, नागलीची भाकरी आणि काही तरी हिरवी भाजी. मी दोनदा त्यांच्या बाजूनं गेले. चाळीस दिवस मी त्यांना मास्कमध्येच पाहिलं होतं, त्यामुळे ओळखलं नाही. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते, ते मला माहीतच नव्हते. त्यांनी पाणी मागितलं तेव्हा आवाजावरून कळलं.

मी सईला त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात धुतले, पुसले, चोळले, मग तिला घेतलं. वजनाचा अंदाज सांगितला, तो बरोबर निघाला. मी विचारलं की आता नाव विचारता का.

"विचारते," त्या म्हणाल्या. "पण आता विचारताना हात गार पडतात. नाय विचारलं तरी पडतात."

थोडा वेळ त्या सईची बोटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या की मनीषा फोन करते. महिन्यातून एखादा, दुपारी, घरात कुणी नसलं की. विशेष काही बोलत नाही. कांदे काढायला आलेत, मोठीला शाळेत घातलं, असलंच सांगते.

"मग फोन ठेवायच्या आधी एकदा तेजल म्हणते. घरी तिला ते नाव घेऊ देत नायत. कुणाकडे तरी घ्यायचं असतं तिला."

"तुम्ही काय म्हणता मग?"

"मी पण म्हणते. तेजल. एवढंच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरून होता. सुरगाण्याहून गाडी येतेय, जुळ्या मुली, बत्तीस आठवड्यांच्या, असं त्यांनी ऐकता ऐकता मोठ्यानं म्हटलं. सईला माझ्या हातात दिलं, पदरापाशी खोचलेला मास्क काढून तोंडावर चढवला आणि त्या उठल्या. लिफ्टपाशी गर्दी होती, म्हणून जिन्यानं निघाल्या. कठडा धरून, भराभर, वळणापर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती.

टेबलावर त्यांचा डबा उघडाच राहिला होता. अर्धी भाकरी शिल्लक होती. मी झाकण घट्ट लावलं आणि काउंटरवरच्या माणसाला सांगितलं की हा गावित सिस्टरांचा आहे, त्या येतील, जपून ठेव.